शत्रूला किती कळू द्यायचं?

मोबाइलवर लढाईचे खेळ खेळणाऱ्या कुठल्याही मुलाकडे एक तक्रार हमखास असते. भिंतीआड चिडीचूप लपून बसलं तरी खेळातला संगणकी शत्रू नेमका तिथेच येऊन उभा राहतो. कधी अगदी उलट घडतं. भर मैदानात, हाताच्या अंतरावर उभं राहिलं तरी तोच शत्रू समोर बघत निघून जातो. एकाच खेळातला एकच शत्रू कधी सर्वज्ञ आणि कधी ठार आंधळा कसा?

खेळात त्याने फारसं बिघडत नाही. डाव हरला की नवा सुरू होतो. पण रणगाड्याच्या सिम्युलेटरमध्ये बसून लढाई शिकणाऱ्या तरुण अधिकाऱ्यासमोरचा शत्रूही बहुतेक वेळा संगणकच चालवत असतो. तो शत्रू सर्वज्ञ असेल, तर आडोसा घेऊन काही उपयोग नाही, हे त्या अधिकाऱ्याच्या अंगवळणी पडेल. आंधळा असेल, तर उघड्या माळावरून बेधडक पुढे जायची सवय लागेल. दोन्ही सवयी घातक आहेत आणि त्यांची किंमत पुढे खऱ्या रणांगणावर माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

संगणकाने चालवलेल्या अशा रणगाड्यांना, विमानांना आणि सैनिकांना लष्करी परिभाषेत ‘कॉम्प्युटर जनरेटेड फोर्सेस’ म्हणतात. मराठीत त्याला संगणकी सैन्य म्हणू. हे सैन्य उभं करायचं म्हणजे संगणकाला खूप हुशार करायचं, असा सर्वसाधारण समज असतो. गेल्या चाळीस वर्षांतला अनुभव वेगळा आहे. हे सॉफ्टवेअर रचताना हुशारीपेक्षा अवघड ठरला तो दुसराच प्रश्न: कुणाला काय कळावं, कधी कळावं आणि काय अजिबात कळू नये?

संगणकी सैन्य लागतं कशाला?

खऱ्या सरावाला जमीन लागते, इंधन लागतं, दारूगोळा लागतो. भारतीय लष्कराच्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला आहे आणि त्याच्याजवळच्या के. के. रेंजवर गोळाबारीचा सराव चालतो. त्या रेंजसाठीच्या जमिनीचा प्रश्न राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांना वर्षानुवर्षं भेडसावतो आहे. सिम्युलेटरमध्ये हा खर्च आणि जागेची अडचण पुष्कळ कमी होते. शिवाय तिथे चूक करता येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

पण एकट्या रणगाड्याने लढाई होत नाही. चार रणगाड्यांच्या तुकडीला सराव द्यायचा, तर समोर शत्रूची मोठी तुकडी हवी, शेजारी स्वतःची दुसरी पथकं हवीत, मागे रसद आणणारे ट्रक हवेत, डोक्यावर हेलिकॉप्टर हवीत. या प्रत्येकासाठी माणूस बसवायचा म्हटलं, तर शिकणाऱ्यांपेक्षा इतर भूमिका करणारेच जास्त होतील.

आणि कुणाला काय कळू द्यायचं, हा पेच तर जुनाच आहे. १८२४ साली प्रशियाच्या लष्करातला फॉन राइसविट्झ हा अधिकारी ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ घेऊन वरिष्ठांपुढे गेला. मोजून काढलेला नकाशा, दोन रंगांचे ठोकळे, फासे आणि मधे एक पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत. सगळी परिस्थिती फक्त पंचाला ठाऊक असे. टेकडीमागे दडलेलं घोडदळ समोरच्याला दिसण्यासारखं झालं, तरच तो ते नकाशावर मांडत असे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सगळा पट दिसतो. युद्धात तसं नसतं, हे राइसविट्झच्या खेळाने नियमातच बसवलं होतं.

रणगाड्यांच्या सरावात पंचाची ही भूमिका संगणकाकडे गेली ती १९८० च्या दशकात. अमेरिकी हवाई दलातले अधिकारी जॅक थॉर्प यांच्या कल्पनेतून ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने १९८३ मध्ये ‘सिमनेट’ प्रकल्प हाती घेतला. केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्सला एम-वन रणगाड्यांचे सिम्युलेटर उभे राहिले. प्रत्येकात कमांडर, गनर, लोडर आणि चालक असे चौघे बसत आणि सगळे सिम्युलेटर एका जाळ्याने जोडलेले असत. दशकाच्या अखेरीस अमेरिका आणि युरोपातल्या तळांवर मिळून असे दोनशेहून अधिक सिम्युलेटर एकाच आभासी रणांगणावर उतरू शकत होते. त्यांच्यासमोर शत्रू म्हणून जे सैन्य आलं, ते ‘सेमी-ऑटोमेटेड फोर्सेस’ म्हणजे अर्धस्वयंचलित होतं. पडद्यावरच्या नकाशासमोर बसलेला एक माणूस ‘या टेकडीकडे कूच करा’ एवढाच हुकूम देई. रस्ता धरणं, अंतर राखणं, गोळी झाडणं ही कामं प्रत्येक रणगाड्याच्या वतीने संगणक करत असे.

मधोमध कुणीच नाही

शेकडो रणगाड्यांचा हिशेब एका मोठ्या संगणकाकडे द्यावा, असं कुणालाही पटकन सुचेल. सिमनेटच्या रचनाकारांनी तसं केलं नाही. मधला संगणक बंद पडला तर सगळी लढाई थांबली असती आणि त्या काळच्या तारांना एवढी माहिती पेलवलीही नसती. म्हणून प्रत्येक सिम्युलेटरने फक्त स्वतःच्या वाहनाचा हिशेब ठेवायचा आणि ‘मी इथे आहे, या दिशेने, या वेगाने चाललो आहे’ एवढं बाकीच्यांना कळवायचं, असं ठरलं.

पण किती वेळा कळवायचं? पुण्याहून सकाळी सातच्या एसटीने मुलगी कोल्हापूरला निघाली, की घरची मंडळी घड्याळ बघून म्हणतात, आता खंबाटकी ओलांडली असेल, आता सातारा आलं असेल, आता कराड. तिला दर मिनिटाला फोन करावा लागत नाही. घरचे काय अंदाज बांधत असतील, हे तिला माहीत असतं. गाडी घाटात अडकली आणि तो अंदाज चुकणार असं दिसलं, तरच ती कळवते. सगळं सुरळीत असलं, तरी मधूनअधून एखादा फोन करते, म्हणजे कुणाला काळजी नको.

सिम्युलेटर नेमकं हेच करतात. या पद्धतीला ‘डेड रेकनिंग’ म्हणतात. प्रत्येक सिम्युलेटर इतरांच्या शेवटच्या संदेशावरून ते आत्ता कुठे असतील याचा अंदाज बांधत राहतो. त्याच वेळी, इतर जण आपल्याबद्दल काय अंदाज बांधत असतील, तेही तो मोजतो. तो अंदाज आणि खरी जागा यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तरच नवा संदेश जातो.

सिमनेटमधून पुढे आलेला आणि १९९३ मध्ये प्रमाणित झालेला ‘डिस’ हा संकेत आजही वापरात आहे. त्यात ही मर्यादा सर्वसाधारणपणे जागेसाठी १ मीटर आणि दिशेसाठी ३ अंश असते. काहीच बदललं नाही, तरी दर ५ सेकंदांनी एक संदेश जातो. १२ सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर ते वाहन रणांगणावरून गेलं, असं बाकीचे धरून चालतात. एका वाहनाच्या स्थितीचा मूळ संदेश फक्त १४४ बाइटचा असतो. या लेखातला एखादा परिच्छेदसुद्धा त्याहून जास्त जागा घेईल.

गोळीबाराचा नियमही असाच विचार करून ठरवलेला आहे. रणगाड्याने गोळा झाडला, की तो ‘झाडला’ आणि मग ‘अमुक ठिकाणी, अमुक लक्ष्यावर फुटला’ असे दोन संदेश पाठवतो. समोरचा मेला की वाचला, हे मात्र झाडणारा ठरवत नाही, ज्याच्यावर गोळा पडला तो ठरवतो. चिलखत कुठे जाड, कुठे पातळ, आधी काय मोडलेलं आहे, ही माहिती फक्त त्याच्याकडे असते. ज्याच्याकडे माहिती, त्याच्याकडे निर्णय. या एका नियमामुळे नवं वाहन जाळ्यात आणताना जुन्या वाहनांच्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ‘हाय लेव्हल आर्किटेक्चर’ या पुढच्या रचनेने आणखी एक सोय केली. ती २००० साली आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. तिच्यात प्रत्येक सिम्युलेशन आपण काय कळवणार आणि आपल्याला काय कळायला हवं, याची आधी नोंदणी करतं. पाणबुडीच्या सिम्युलेशनला वाळवंटातल्या ट्रकची खबर नको असेल, तर ती त्याच्याकडे जातच नाही.

माहीत असूनही न वापरण्याची कला

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. जाळ्यावर प्रत्येक वाहन आपली खरी जागा सगळ्यांना सांगत असतं, मित्राला आणि शत्रूलाही. सिम्युलेटरमध्ये माणूस बसला असेल, तर अडचण येत नाही. संगणक त्याच्यासाठी टेकडीचं चित्र काढतो, टेकडीमागचा रणगाडा चित्रात झाकला जातो आणि माणसाला तो दिसत नाही. संगणकी गनरला मात्र चित्र लागतच नाही. त्याच्याकडे सगळ्यांच्या जागांचे आकडे थेट येतात. टेकडी आड आली काय आणि न आली काय, त्याला सारखंच. काही न करता सोडला, तर तो सर्वज्ञच असतो.

म्हणून त्याच्या आणि त्या आकड्यांच्या मधे एक चाळणी बसवावी लागते. जाळ्यावरून येते ती वस्तुस्थिती आणि चाळणीतून पलीकडे जाते ती समज. निर्णय घेणाऱ्या भागाला समज तेवढी मिळाली पाहिजे, हा या रचनेतला सगळ्यात कडक नियम.

समजा, शत्रूचा एक रणगाडा दोन किलोमीटरवरच्या टेकाडामागून डोकावला. संगणकी गनरच्या चाळणीत एकामागून एक प्रश्न सुटत जातात. त्याची दुर्बीण आत्ता त्या दिशेला वळलेली आहे का? नसेल, तर विषय संपला. असेल, तर दोघांमधली सरळ रेषा जमिनीला कुठे अडते का? त्यासाठी संगणक भूप्रदेशाच्या जाळीतला एकेक त्रिकोण तपासतो. रेषा मोकळी असेल, तर रणगाड्याचा किती भाग उघडा आहे? धूळ, धूर, अंधार किती आहे?

यानंतर प्रश्न येतो तो किती स्पष्ट दिसलं याचा. अमेरिकी लष्कराच्या रात्रदृष्टीच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये यासाठी मापं बसवली होती. लक्ष्याच्या लहान बाजूवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी वेगळी ओळखू येईल इतकी स्पष्टता असेल, तर ‘तिथे काहीतरी आहे’ एवढं कळतं. चार जोड्यांइतकी असेल, तर ‘तो रणगाडा आहे’ हे कळतं. साधारण साडेसहा जोड्यांइतकी झाली, की तो कुठल्या बनावटीचा, म्हणजे आपला की परका, हे सांगता येतं. पुढे आलेल्या कितीतरी संगणकी गनरांना या मापांच्या सुधारित आवृत्तीने नजर दिली.

ही पायरी गाळली तर काय होईल? संगणकी सैनिक आपल्याच माणसावर कधीही गोळी झाडणार नाही, कारण आकड्यांत कोण कुणाच्या बाजूचा हे लिहिलेलंच असतं. खऱ्या युद्धात तसं नसतं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे १४८ सैनिक लढताना मारले गेले. त्यांतले ३५ जण स्वतःच्याच सैन्याच्या माऱ्याला बळी पडले होते. ओळख पटण्याआधी बोट चापावर जाऊ नये, हा धडा सिम्युलेटरमध्ये द्यायचा असेल, तर संगणकी सैनिकाच्या नजरेतही संशयाला जागा ठेवावी लागते.

चाळणीनंतर येते ती आठवण. दिसलेला रणगाडा पुन्हा टेकाडाआड गेला, तर गनरच्या मनात त्याची शेवटची जागा आणि वेळ राहिली पाहिजे, आणि वेळ जाईल तशी त्यावरची खात्री कमी झाली पाहिजे. आठवण नसेल, तर आडोशाला गेलेला शत्रू त्याच्या लेखी जगातूनच नाहीसा होतो. मोबाइलच्या खेळातला ‘ठार आंधळा’ शत्रू पुष्कळदा असाच विसराळू असतो.

हे सगळं स्वस्तात होत नाही. १,००० वाहनं असतील, तर कोण कुणाला बघू शकतो याच्या ९,९९,००० जोड्या होतात आणि परिस्थिती क्षणोक्षणी बदलत असते. अशा प्रणालीत संगणकाची बरीच ताकद या नजरेच्या रेषा तपासण्यातच खर्ची पडते. म्हणून लांबच्या जोड्या आधीच वगळायच्या आणि एकाच जागी उभ्या असलेल्यांची तपासणी विरळ करायची, अशा युक्त्या कराव्या लागतात.

या खर्चाचं मोल किती, ते २६ फेब्रुवारी १९९१ च्या लढाईवरून दिसतं. इराकच्या वाळवंटात, नकाशावरच्या ‘७३ ईस्टिंग’ या उभ्या रेषेजवळ, धुळीच्या वादळात कॅप्टन एच. आर. मॅकमास्टर यांच्या तुकडीची इराकच्या रिपब्लिकन गार्डशी गाठ पडली. सुमारे २३ मिनिटांत या तुकडीने २८ इराकी रणगाडे उद्ध्वस्त केले. तिचा स्वतःचा एकही रणगाडा गेला नाही. अमेरिकी गनरांकडे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी होत्या, त्यांना धुळीपलीकडचं दिसत होतं. समोरच्यांना ते दिसत नव्हतं. लढाईनंतर सैनिकांच्या मुलाखती घेऊन आणि रणभूमीची पाहणी करून ही चकमक सिमनेटमध्ये पुन्हा उभी केली गेली. नजरेचा हिशेब काढून टाकला, तर या लढाईचा निकाल कुठल्याही सिम्युलेशनला समजावून सांगता येणार नाही.

शरीर वेगळं, मन वेगळं

संगणकी रणगाड्याचे दोन भाग करतात. शरीरात इंजिन, पट्टे, फिरणारी तोफ, दुर्बीण, इंधन आणि दारूगोळा येतो. मनात हुकूम, समज आणि निर्णय. मन शरीराला फक्त सूचना देऊ शकतं: वेग वाढव, तोफ डावीकडे फिरव, गोळा भर. ‘मला त्या टेकडीवर नेऊन ठेव’ असं त्याला म्हणता येत नाही. तोफ जितक्या वेगाने फिरते तितक्याच वेगाने फिरणार आणि चिखलात पट्टे रुतले तर मनाला कितीही घाई असली तरी रणगाडा रखडणार.

या वाटणीने फसवणुकीला आळा बसतोच, कामही सोपं होतं. टी-७२ रणगाडा हा वेगळा प्रोग्रॅम राहत नाही. वजन, वेग, तोफेचा पल्ला, दुर्बिणीची ताकद अशा माहितीची ती एक फाइल होते. १९९० च्या दशकातली ‘मॉडसॅफ’ ही प्रणाली अशा सुट्या भागांवर उभी होती. अमेरिकी लष्कराच्या ‘वनसॅफ’ने पुढे ही कल्पना ताणून नेली. तिची पहिली आवृत्ती २००६ मध्ये आली. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या लष्करी तज्ज्ञालाही लहान कृती जोडून मोठी कृती आणि वाहनं जोडून पथक तयार करता यावं, असा तिच्या रचनाकारांचा आग्रह होता.

सुटे भाग वापरताना वारशात काय काय आलं, हे मात्र तपासावं लागतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधकांनी हेलिकॉप्टरच्या सिम्युलेशनमध्ये कांगारू आणले. हेलिकॉप्टर जवळ आलं की पांगणारे प्राणी हवे होते, म्हणून पायदळाच्या सैनिकाचं वागणं त्यांना जसंच्या तसं दिलं. हेलिकॉप्टर आलं, कांगारू पांगले, आडोशाला गेले आणि तिथून त्यांनी हेलिकॉप्टरवर हल्ला चढवला. कांगारूंनी क्षेपणास्त्रं डागली, अशी या किश्शाची वदंता जगभर पसरली. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी कुठलंच अस्त्र नेमलेलं नव्हतं, त्यामुळे प्रणालीने आपल्याकडची ठरीव वस्तू वापरली आणि हेलिकॉप्टरवर समुद्रकिनारी खेळायचे रंगीत चेंडू उडाले. सैनिकाचं धावणं घेतलं, तेव्हा त्याचं लढणंही बरोबर आलं होतं.

निर्णय कसा होतो?

सगळ्यात सोपी पद्धत अवस्थांची. ट्रकचा ताफा ‘कूच’ या अवस्थेत असतो. गोळीबार झाला की ‘संपर्क’ या अवस्थेत जातो. मग शत्रू दुबळा असेल तर ‘प्रत्युत्तर’, भारी असेल तर ‘माघार’. कुठल्या अवस्थेतून कुठे आणि कशामुळे जायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. मॉडसॅफचा भर याच पद्धतीवर होता. ती पारखायला सोपी असते. तिचा दोष एवढाच, की लिहिणाऱ्याला न सुचलेला प्रसंग आला की वाहन गोंधळतं किंवा जागच्या जागी थांबून राहतं.

वैमानिकाच्या कामात असे प्रसंग पावलोपावली येतात. म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ‘टॅकएअर-सोअर’ हा संगणकी वैमानिक नियमांवर रचला. अवस्थांची साखळी न लिहिता ‘अशी परिस्थिती असेल आणि हे उद्दिष्ट असेल, तर याचा विचार कर’ असे ५,२०० हून अधिक नियम त्याला दिले होते. प्रत्येक क्षणी जे नियम लागू पडतील, ते पुढे येतात आणि त्यांतून कृती ठरते. ऑक्टोबर १९९७ मधल्या एका मोठ्या लष्करी सरावात अमेरिकेच्या बाजूची सगळी विमानं या वैमानिकांनीच उडवली. ४८ तासांत ७२२ उड्डाणं झाली.

डोंगरावर आदळलेलं हेलिकॉप्टर

एकेक वैमानिक तयार झाला, तरी त्यांचं पथक आपोआप तयार होत नाही. पिलानीच्या ‘बिट्स’मध्ये शिकून अमेरिकेत गेलेले मिलिंद तांबे तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत लढाऊ हेलिकॉप्टरच्या पथकावर काम करत होते. योजना साधी होती. एक हेलिकॉप्टर पुढे जाऊन टेहळणी करणार, बाकीची सुरक्षित जागी थांबणार, मोकळा रस्ता असल्याचा संदेश आला की सगळ्यांनी निघायचं.

एका सरावात टेहळणीला गेलेलं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. संदेश आला नाही. बाकीची हेलिकॉप्टर त्याची वाट बघत तशीच थांबून राहिली. दुसऱ्या एका प्रसंगी मोहीम फत्ते झाल्याचं ओळखून एक हेलिकॉप्टर तळावर परतलं. त्याने सोबत्यांना काही सांगितलं नाही आणि बाकीची तिथेच घिरट्या घालत इंधन जाळत राहिली. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे बिनचूक वागूनही पथक मात्र फसलं होतं.

अशा प्रत्येक चुकीसाठी एकेक नवा नियम लिहिणं हा एक मार्ग होता. नवी परिस्थिती आली की पुन्हा नवी चूक झाली असती. तांबे यांनी मुळाशी हात घातला. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मनात ‘माझं काम’ होतं, ‘आपलं काम’ असं काही नव्हतंच. त्यांनी १९९७ च्या सुमारास ‘स्टीम’ नावाची वेगळी पातळी रचली. तिच्यात पथकाचं उद्दिष्ट हीच एक स्वतंत्र गोष्ट असते. ते साधलं, फसलं किंवा निरर्थक झालं, असं एखाद्याच्या लक्षात आलं, तर त्याने एकट्याने निघून जायचं नाही. आधी सगळ्यांना ते कळेल अशी व्यवस्था करायची. कुणाची भूमिका रिकामी पडली आणि तिच्यावाचून पथक अडणार असेल, तर दुसऱ्याने ती घ्यायची. संदेश पाठवण्याची किंमतही तोलायची, कारण रेडिओवर बोललं की शत्रूलाही सुगावा लागू शकतो.

ही पातळी हेलिकॉप्टरच्या ज्ञानापासून वेगळी ठेवली होती, म्हणून ती दुसरीकडेही चालली. तांबे यांच्या गटाने तिच्या आधाराने यंत्रमानवांच्या ‘रोबोकप’ स्पर्धेच्या संगणकी फुटबॉल विभागात संघ उतरवला आणि १९९७ मध्ये तो तिसरा आला.

‘तू असं का केलंस?’

सराव संपला, की खरं शिकणं सुरू होतं. सगळे बसून घडलेल्या लढाईचा फेरआढावा घेतात: कुठे उशीर झाला, कुणी कुणाला पाहिलं, कुणी का माघार घेतली. तिथे संगणकी शत्रूलाही प्रश्न विचारता आले पाहिजेत. त्याने डावीकडून वळसा का घातला, याचं उत्तर ‘प्रोग्रॅममध्ये तसं होतं’ एवढंच मिळालं, तर शिकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

म्हणून १९९० च्या दशकातच टॅकएअर-सोअरच्या वैमानिकांना ‘डीब्रीफ’ नावाची जोड देण्यात आली. त्या क्षणी आपल्याला काय दिसत होतं आणि काय वेगळं असतं तर आपण वेगळा निर्णय घेतला असता, हे वैमानिक उड्डाणानंतर सांगू शकत असे. वस्तुस्थिती आणि समज वेगवेगळ्या नोंदवल्या असल्या, तरच अशी उत्तरं देता येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने आपल्या निर्णयाची कारणं सांगितली पाहिजेत, ही मागणी आज बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे होते आहे. युद्धाभ्यासाच्या या क्षेत्रात ती त्याच्या कितीतरी आधी पुढे आली.

शिकणारा शत्रू

आता नियम लिहिण्याऐवजी संगणकाला अगणित लढतींतून स्वतःच शिकू देण्याची पद्धत जोर धरते आहे. ऑगस्ट २०२० मध्ये डार्पाने भरवलेल्या स्पर्धेत ‘हेरॉन सिस्टिम्स’ या कंपनीच्या अशा संगणकी वैमानिकाने हवाई दलाच्या अनुभवी एफ-१६ वैमानिकाला आभासी झुंजीत ५-० ने हरवलं. निकालाने खळबळ उडाली. पण त्या संगणकी वैमानिकाला प्रतिस्पर्ध्याची जागा आणि वेग क्षणोक्षणी अचूक मिळत होता. त्याला आकाशात शोधण्याची गरजच नव्हती. शिवाय समोरासमोर येऊन तोफ डागण्याचा जो डाव त्याने पुन्हापुन्हा टाकला, तो माणसांच्या सरावात सुरक्षेसाठी वर्ज्य मानतात.

ही त्या प्रयोगाची उणीव नव्हती, तो आखलाच तसा होता. पण प्रशिक्षणासाठी असा शत्रू हवा असेल, तर त्याचं शिकलेलं मन त्याच जुन्या चाळणीमागे बसवावं लागेल आणि त्याच शरीराच्या मर्यादेत लढवावं लागेल. शिकताना त्याला सगळं दिसत राहिलं, तर तो सगळं दिसण्यावरच विसंबायला शिकतो. नंतर चाळणी बसवली, की अडखळतो. म्हणून चाळणी पहिल्या दिवसापासून हवी.

प्रशिक्षणातल्या शत्रूने नेहमी जिंकायचंही नसतं. अमुक देशाची तुकडी जशी लढते तसं त्याने लढायचं, शिकणाऱ्याच्या पातळीप्रमाणे जोर कमी-जास्त करायचा आणि प्रशिक्षकाला हवा तो प्रसंग समोर आणायचा. भीती, थकवा, वरिष्ठांवरचा अविश्वास, घाबरून पळणारे गावकरी या गोष्टी तर आजही फार कच्च्या स्वरूपात उतरतात. ७३ ईस्टिंगसारख्या लढाईत कुठला रणगाडा कुठे होता हे आकड्यांत मांडता येतं. आत बसलेल्या माणसाने लढायचं की रणगाडा सोडून पळायचं हे कशावरून ठरवलं, ते मांडणं अजून अवघड आहे. म्हणूनच नकाशासमोर बसून संगणकी सैन्याला हुकूम देणारा माणूस चाळीस वर्षांनंतरही आपल्या जागी आहे.

चौकट: थोडक्यात

• संगणकी सैन्य: प्रशिक्षणात शत्रू, शेजारी आणि मदतनीस पथकांच्या भूमिका करणारी, संगणकाने चालवलेली वाहनं आणि सैनिक.

• डेड रेकनिंग: दुसऱ्यांचा अंदाज चुकणार असेल तेव्हाच नवी माहिती पाठवण्याची पद्धत. ठरावीक काळाने एक संदेश तरीही जातो.

• वस्तुस्थिती आणि समज: जाळ्यावर सगळ्यांच्या खऱ्या जागा असतात. निर्णय घेणाऱ्या भागाला मात्र नजर, अंतर आणि आडोसा यांच्या चाळणीतून गेलेली माहितीच द्यायची.

• शरीर आणि मन: मन सूचना देतं, शरीर आपल्या मर्यादेत त्या पाळतं. दोन्ही वेगळी असल्यामुळे एक बदलताना दुसरं मोडावं लागत नाही.

• पथकाची पातळी: सामाईक उद्दिष्ट स्वतंत्रपणे नोंदवलं जातं. ते साधलं किंवा फसलं, तर ते सगळ्यांना कळवण्याची जबाबदारी प्रत्येकाची असते.

• फेरआढावा: संगणकी सैनिकाला त्या क्षणी काय माहीत होतं, याची नोंद असेल तरच त्याच्या निर्णयाचं कारण सांगता येतं.